साडेआठचा पाऊस

"खड्ड्याक विचार करूक एक दीस लागता," आत कोणीतरी फोनवर सांगत होतं. "पाऊस पडलो म्हणून तो लगेच उठना. एक दीस पडून रवता, मागीर सावकाश उठता."

मी चपला हातात धरून पायरीवर उभी होते. नोकरीसाठी आले होते, आणि आतला माणूस उशिरा उठणाऱ्या थोरल्या भावाबद्दल बोलावं तसा एका खड्ड्याबद्दल बोलत होता. फोन ठेवल्याचा आवाज आला.

"कोण आसा गो भायर?"

मी नाव सांगितलं. माझा आवाज मुळात लहान, त्यात दार अर्धं बंद.

"किती?" आतून विचारणा झाली. लोक 'काय?' विचारतात. त्यांनी 'किती?' विचारलं. मी तसंच पुन्हा नाव सांगितलं. पुढे दोन वर्षं मी त्यांच्याकडे, म्हणजे सरांकडे, होते आणि दिवसातून निदान वीस वेळा हा प्रश्न ऐकला. 'किती? कशात?' पोदेर सायकलवरून आला आणि ताजे पाव आहेत म्हणाला, तर 'ताजे म्हणजे किती? तासांत सांग.' काकी, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली की आमटीत मीठ जरा कमी पडलंय, तर 'जरा म्हणजे किती?' काकी पदराला हात पुसत म्हणायची, "तुमच्या जिभेक लागता तितक्या." त्यावर मात्र ते मुकाट मीठ वाढून घ्यायचे.

खाणींच्या डिचोलीत वाढलेल्यांना खड्डा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मी कोरगावची. आमच्याकडे डोंगर म्हणजे काजू. डोंगर आतून पोखरून उलटा केलेला असतो, आणि खाण बंद पडली की त्यात तळं साठतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते सरांबरोबर. सर खाणीवर पंपांचे मुख्य होते. पाणी उपसणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. खाण बंद पडली तेव्हा बाकीच्यांनी ट्रक विकले, दुकानं टाकली. सरांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी एक संगणक घेतला आणि पाण्याची मॉडेलं करायला शिकले. आपलं आपणच. घराच्या पुढच्या खोलीत दोन मेजं, दोन खुर्च्या आणि भिंतीला खिळ्यावर टांगलेलं त्यांचं पिवळं हेल्मेट. हेच ऑफिस.

एका गावाच्या वरच्या खड्ड्याचं काम त्यांना खाणीच्या कंपनीने दिलं होतं. गावाचं नाव मी घेत नाही. खड्ड्याच्या एका बाजूला मातीचा बांध, बांधाखाली शेत आणि शेताच्या कडेला खालचा वाडा, चौदा-पंधरा घरं. बांधावर आतल्या बाजूने मीटरच्या खुणांची एक पट्टी उभी केलेली आणि तिच्यावर वरती एक लाल रेघ. पाणी लाल रेघेला लागलं की बांधाच्या सखल भागावरून सांडणार आणि सरळ वाड्यात उतरणार. आम्हाला एवढंच करायचं होतं: सकाळी मोजलेला पाऊस मॉडेलमध्ये घालायचा, आणि पाणी लाल रेघेला किती वाजता लागेल ते सांगायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पडद्यावर सगळं चौकोनांचं असतं. एक चौकोन पावसाचा, एक खड्ड्याचा, एक पंपाचा, आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. पण मधेमधे असे चौकोन येतात ज्यांच्या आत काहीच तयार नसतं. डावीकडून आकडे येतात, उजवीकडे आकडा जातो, आणि आत काय घडतं ते आपण स्वतः लिहायचं. ह्याला इक्वेशन ब्लॉक म्हणतात. सर 'ठोकळा' म्हणायचे. "चौकोन कोणीय जोडता," ते म्हणायचे. "ठोकळो लिहिता तो माणूस."

मी कॉलेजात कोड लिहिला होता. मला वाटलं, मला येतं. माझा पहिला ठोकळा पंपाचा. पातळी बारा मीटरच्या वर असेल तर पंप चालू, नसेल तर बंद. एक ओळ. मी चालवायला गेले, तर सरांनी खांद्यावरचा पंचा काढून पडद्यावर टाकला.

"आधी सांग काय दिसणार. कागदावर काढ. मग पडदा वर."

हा त्यांचा नियम होता. उत्तर काय येईल ते आधी कागदावर काढल्याशिवाय मॉडेल चालवायचं नाही. मी एक गुळगुळीत उतरती रेघ काढली. मॉडेल चालवून पंचा उचलला. पडद्यावर पंपाची रेघ फणीसारखी झाली होती. चालू, बंद, चालू, बंद, तासाला शंभर वेळा.

सर उठले, भिंतीवरचं हेल्मेट काढून डोक्यावर चढवलं आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. दुसऱ्याच्या ठोकळ्यात शिरताना ते हेल्मेट घालत. पहिल्यांदा मला हसू आलं आणि मी ते गिळलं, कारण ते अजिबात हसत नव्हते. पुढे ते खिळ्यावरून हेल्मेट घ्यायला उठले की मी आधीच खुर्ची बाजूला सरकवायचे.

"बाय, ह्या पंपाला फेफरं आलंय," ते म्हणाले. आणि चूक काय ते सांगितलं नाही. गाडी काढली आणि मला खड्ड्यावर नेलं.

तिथे पंपावर मामा होते. खरं नाव कोणी घेत नसे. खानापूरकडचे, तीस वर्षांपूर्वी खाणीवर कामाला आले, खाण बंद झाली तरी पंपाबरोबर राहिले. पत्र्याच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, आणि खिळ्याला सुतळीने बांधलेली एक वही, ज्यात ते रोज संध्याकाळी सहाला पट्टी वाचून पातळी लिहीत.

"हिका सांग रे, पंप कधी लावतंय," सर म्हणाले.

"बाराला लावतो की." मामांनी पट्टीकडे बोट केलं. "अन् एकदा लावला की लावलाच बघा, ताई. अकरापर्यंत खाली आणल्याबिगर बंद करायचा न्हाई. सारखं चालू-बंद केला की मोटार जळतीया. ती काय दिवा हाय व्हय?"

म्हणजे खुणा दोन. आणि मधल्या पातळीला पंप चालू असावा की बंद, हे पातळी पाहून कळत नाही. आधी काय चालू होतं ते लक्षात ठेवावं लागतं. ठोकळा मात्र हिशेबाच्या दर पावलाला सगळं विसरतो. त्याला मागचं लक्षात ठेवायला वेगळं सांगावं लागतं, एक नाव द्यावं लागतं, त्या नावात कालची गोष्ट जपावी लागते. हे पुस्तकात चार पानं असतं. मला ते डिझेलच्या वासात, मामांच्या दोन वाक्यांत कळलं. परतताना सर एवढंच म्हणाले, "पंपाचो ठोकळो त्याणें लिहिलो. तू फक्त टाईप कर."

असं कौतुक ते दुसऱ्याचंच करत. माझ्या वाट्याला हेल्मेट.

ते मराठी शाळेत शिकलेले आणि त्यांच्या सगळ्या वह्या मराठीत, आकडेसुद्धा. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत. मराठी घरात बोलण्यापुरतं आणि आजोबांच्या वर्तमानपत्रातल्या मथळ्यांपुरतं. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या पावसाच्या वहीतले आकडे उतरवताना एका ठिकाणी एकचा नऊ केला. सरांनी छापील कागद डोळ्यांपासून लांब धरून पाहिला.

"एका दिवसात नऊशे मिलिमीटर," ते म्हणाले. "बरं झालं, डिचोली वाहून गेली. आता बस स्टँड नवीन बांधतील."

त्यानंतर महिनाभर मी रात्री घरी आजोबांकडून आकडे घोटून घेतले. ते सरांना मी कधी सांगितलं नाही. मी फारसं काहीच कोणाला सांगत नाही. शाळेच्या प्रगतिपुस्तकात दर वर्षी माझ्याबद्दल एकच शेरा असायचा, शांत आहे. चांगल्या अर्थाने की वाईट, ते मला अजून कळलेलं नाही.

सरांपुढे तर बोलणं आणखी अवघड. एकदा मी धीर करून म्हटलं, "सर, मला वाटतं की इथे बाष्पीभवन जास्त धरलंय."

"वाटतं?" ते गर्रकन वळले. "वाटतं म्हणजे किती? ह्या खोलीत वाटायचं नाही. मोजलंस? नाही ना? मग गप." काकी चहा घेऊन आली होती. "अहो, पोरगी बोलली तोच उपकार," ती म्हणाली, आणि कप माझ्यासमोर ठेवून गेली. बाष्पीभवन खरंच जास्त धरलेलं होतं. आठ दिवसांनी मोजून सिद्ध केलं तेव्हा सरांनी गुपचूप आकडा बदलला. पण त्या दिवसापासून मी ठरवलं, ह्या माणसासमोर तोंड उघडायचं तर हातात पुरावा हवा. पूर्ण.

त्यांच्या पावसाच्या वहीबद्दल सांगायला हवं. अंगणात तुळशीपासून दहा पावलांवर त्यांचं पर्जन्यमापक होतं, खाण बंद पडली तेव्हा मागून घेतलेलं. रोज सकाळी बरोबर साडेआठला ते त्यातली बाटली काढत, मापात ओतत, आकडा वहीत लिहीत. सरकारी रीत साडेआठची, म्हणून साडेआठ. आमच्या मॉडेलचा दिवसही त्यांनी साडेआठलाच सुरू केला होता. काकी सांगायची, मुलीच्या लग्नाच्या दिवशी पुण्याहवाचन चालू असताना हे पाटावरून उठले. भटजी मंत्र थांबवून बघत राहिले. मे महिना, आकाशात ढगाचं पिल्लू नाही. हे अंगणात गेले, कोरडी बाटली उलटी केली, वहीत 'शून्य' लिहिलं आणि परत येऊन पाटावर बसले. "शून्य पण मोजूचा लागता," म्हणाले.

मी साडेनऊला पोचायचे. कोरगावहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली. तोवर बाटली रिकामी आणि वही मिटलेली असायची. मला फक्त आकडा आणि तारीख दिसायची.

मॉडेलमधले सगळे ठोकळे एव्हाना मी लिहिले होते. एक सोडून. पाऊस आणि खड्डा ह्यांच्यामधला ठोकळा सरांचा होता. त्यात त्यांनी एकच गोष्ट लिहिली होती: आज पडलेलं पाणी खड्ड्यात उद्या जाणार. खड्ड्याला विचार करायला एक दिवस लागतो, तो दिवस. तीस वर्षं पाहून काढलेला. "त्याला हात लावायचा नाही," त्यांनी सांगितलं होतं. "तो माझा ठोकळा."

मागच्या पावसाळ्याचे आकडे घालून आम्ही मॉडेल तपासायला घेतलं तेव्हा गोम दिसली. मामांच्या वहीतल्या पातळ्या मी ठिपके म्हणून मांडल्या आणि त्यावर मॉडेलची रेघ चढवली. रेघेचा आकार हुबेहूब ठिपक्यांसारखा, पण दर वेळी एक दिवस मागे. मामांच्या वहीत पाणी मंगळवारी चढलं, तर मॉडेलमध्ये बुधवारी. प्रत्येक मोठ्या पावसाला असंच.

सरांनी हेल्मेट घातलं. माझे सगळे ठोकळे एकेक करून उघडले. काहीच सापडलं नाही. मग हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"मामा," ते म्हणाले. "सहा वाजता पट्टीवर जायचा कंटाळा. अंदाजपंचे लिहितो."

मी पडद्याकडे पाहत राहिले. मॉडेलची उद्याची पातळी प्रत्येक वेळी आजच अचूक ओळखणारा माणूस अंदाज करत नसतो. हे वाक्य माझ्या डोक्यात मराठीत, पूर्ण, तयार होतं. पण पुरावा नव्हता.  सरांनी फोन लावून कंपनीच्या साहेबांना सांगितलं की पंपावरच्या वहीवर विसंबू नका, मॉडेल धरा.

ही गोष्ट मामांपर्यंत पोचायला तीन दिवस लागले. मी जूनमध्ये पट्टीचे फोटो काढायला खड्ड्यावर गेले तेव्हा ते खाटेवर वही मांडीवर घेऊन बसले होते.

"ताई, मी खोटं लिहितो असं म्हणतात का सर?"

मी कॅमेऱ्याशी खेळत राहिले.

"तीस वर्सं. ताप आला तरी गेलोय पट्टीवर. तुम्ही तरी सांगा की त्यांना."

मी मान हलवली. ती मान हो म्हणणारी होती की नाही म्हणणारी, ते मलाही सांगता आलं नसतं. मी फोटो घेऊन परत आले.

जुलैत पाणी लाल रेघेच्या दीड मीटर खाली येऊन ठेपलं आणि पंप पुरेनासा झाला. पंचायतीने सभा बोलावली. सभेच्या आदल्या दिवशी सकाळपासून असा पाऊस लागला की म्हापशाच्या स्टँडवर मी पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभी राहिले. संध्याकाळी सातला तो एकदम थांबला. रात्रभर एक थेंब नाही. सरांनी मला दुसऱ्या दिवशी लवकर बोलावलं होतं, सभा अकराला होती. पहिल्या बसने मी निघाले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा साडेआठच्या आधी त्यांच्या अंगणात पोचले.

ऊन पडलं होतं. तुळशीची पानं कोरडी होती. सर पर्जन्यमापकाशी वाकले होते. बाटली काढली, मापात ओतली, पुन्हा ओतली, तीन वेळा.

"खूप पडला आज," ते स्वतःशी म्हणाले, वही उघडली आणि आजची तारीख घालून आकडा लिहिला.

मी आकाशाकडे पाहिलं. आज काहीच पडलं नव्हतं. बाटलीतलं सगळं पाणी कालचं होतं. ज्यात मी उभी राहिले होते ते.

वहीत चूक नव्हती. रीत तशीच आहे, मोजलं त्या सकाळची तारीख घालायची. पण मी ती वही उतरवून घेताना 'आजची तारीख' म्हणजे 'आज साडेआठनंतर पडलेला पाऊस' असं मॉडेलला सांगितलं होतं. पाऊस मॉडेलमध्ये पडायला लागायचा तेव्हा तो खरा पडून गेलेला असायचा. आणि त्यावर सरांचा ठोकळा आणखी एक दिवस थांबायचा. सरांचं बरोबर होतं, खड्ड्याला एक दिवस लागतो. फक्त तो दिवस बाटलीत भरत असतानाच संपलेला असायचा. आम्ही तो दोनदा मोजत होतो. टाईप मी केलं होतं.

"उभी कित्याक? आकडा घाल आणि चालव. निघायचंय."

हातात पुरावा अजून नव्हता; मी आकडा घातला. मॉडेल चालवलं. तीस तास. म्हणजे उद्या दुपारी अडीच. सरांनी तो कागदावर लिहून खिशात ठेवला.

गाडीत मी लॅपटॉप मांडीवर उघडला.

"गाडीत पडदा बघू नको, ओकशील."

"सर, पावसाच्या तारखा..."

त्यांचा फोन वाजला. कंपनीचे साहेब. मग सरपंच. मग पुन्हा साहेब. सर एका हाताने गाडी चालवत, स्पीकरवर ओरडत होते. मी त्यांचा ठोकळा उघडलासुद्धा नाही. फक्त मागच्या वर्षीचा पावसाचा रकाना निवडला आणि एक ओळ, म्हणजे एक दिवस, वर सरकवला. सवयीने एका कागदावर आधी काढून पाहिलं काय दिसणार. मग चालवलं.

रेघ मामांच्या ठिपक्यांवर जाऊन बसली. सगळ्या. जून, जुलै, ऑगस्ट. एकही ठिपका बाहेर नाही. 

मग आजचा आकडा घातला, एक ओळ वर. सहा तास. साडेआठपासून सहा. आज दुपारी अडीच.

"सर."

"आता नको. तिथे गेल्यावर बोल."

"सर, वेळ..."

"बाय, माझं डोकं उठलंय. तिथे गेल्यावर."

सभा शाळेच्या वर्गात होती. बाकांवर खालच्या वाड्यातली माणसं, पुढे टेबलामागे सरपंच आणि कंपनीचे साहेब. मामा मागच्या भिंतीशी, रेनकोटच्या आत वही धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फळ्याच्या वर घड्याळ होतं. सव्वाअकरा.

सरांनी प्रोजेक्टर लावायला सांगितलं नाही. खडूने फळ्यावर खड्डा काढला, बांध काढला, लाल रेघ काढली. ते छान बोलतात. मुलांना शिकवल्यासारखं. सगळे ऐकत होते.

"तर फाल्या दुपारी अडीच," ते म्हणाले आणि फळ्यावर 'उद्या अडीच' असं लिहिलं. "तोपर्यंत पाणी रेघेला लागत नाही."

वर्गात एकदम हालचाल झाली, श्वास सोडल्यासारखी. कोणीतरी हसलं.

"म्हणजे फाल्या सकाळी हलवूया," सरपंच म्हणाले. "आठ वाजता टेम्पो येतलो. आज सगळ्यांनी सामान बांधा, जेवा, निजा. देवळाच्या सभामंडपात सोय केली आहे."

"आणि पंपावरचा माणूस काय म्हणतो?" कोणीतरी मागून विचारलं.

कंपनीचे साहेब म्हणाले, "त्याची वही आम्ही धरत नाही आहोत सध्या."

मामांनी रेनकोटची बटणं वरपर्यंत लावली.

"सर," मी म्हटलं. मी पहिल्या बाकावर, लॅपटॉप उघडा ठेवून बसले होते. सर दोन हातांच्या अंतरावर उभे होते आणि त्यांना ऐकू गेलं नाही. किंवा गेलं. त्यांनी खडूचे हात झटकले. लोक उठायला लागले होते. बाकं सरकत होती. घड्याळात अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती आणि मी सहा तासांतून गेलेला वेळ वजा करून पाहत होते, पुन्हा पुन्हा, जणू उत्तर बदलेल.

माझ्या शेजारून एक बाई पुढे गेली. साठीची, ओल्या चपला हातात. टेबलापाशी थांबली.

"सायबा, माझी सासू खाटेर आसा. तिका उखलूक चार माणसां लागतात. आमचे झिलगे कामाक गेल्यात, सांजेक येतले. ते आयले की फाल्या सकाळीं नेली तर चलात मगे? नक्की सांग."

सर तिच्याकडे वळले. त्यांचा चेहरा मऊ झाला. तो तसा मी क्वचित पाहिला होता.

"चलात गो बाये. तीस तास आसात. बिनघोर रव."

ती हात जोडून वळली आणि दाराकडे निघाली. तिच्या पुढे चार-पाच जण दारातून बाहेर पडलेही होते. सरांनी फळा पुसायला डस्टर उचललं.

मी उठले. बाक मागे पडलं आणि त्याचा मोठा आवाज झाला, इतका की सगळे थांबले, ती बाईही, सरांचा हातही. सर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या ओठांवर तोच प्रश्न येऊ घातला होता, मला दिसत होता. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बाईकडे पाहिलं.

"मावशे, फाल्या न्हय. आज. आज दुपारी अडीचला पाणी येतंय, मी मोजलंय, मामांची वही खरी आहे. संध्याकाळची वाट बघू नको. चल, मी येते, सासूबाईंना आत्ता उचलूया."